गेलेल्यांचं पान

आमच्या घरातला पेपर बंद झाला तो माझ्यामुळे. नातीला वाटतं, आजी काळाबरोबर चालायला लागली. शेजारणींना वाटतं, झाडं वाचावीत म्हणून. हे दोन्ही मीच त्यांना सांगितलं होतं आणि दोन्ही साफ खोटं आहे. खरं कारण सांगायचं तर आधी एका बाईची ओळख करून द्यावी लागेल. ती बाई म्हणजे मीच, पण चाळीस वर्षांपूर्वीची. मला ती मुळीच आवडत नाही. तिच्या दोन-तीन साड्या अजून माझ्या कपाटात आहेत, तेवढाच आमचा संबंध.

ही बाई नाशिकच्या सातपूरला शाळेत शिकवायची. सकाळी पेपर दारात पडला की तिच्याआधी त्याला कुणी हात लावायचा नाही. नवरा कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला असो, सासऱ्यांचा चहा निवत असो, पहिली घडी मोडणार ती हीच. अग्रलेख वाचताना मान अशी हलवायची, जणू संपादक समोर स्टुलावर बसून परवानगी मागतोय. हातात लाल पेन. छपाईची चूक सापडली की तिच्याभोवती गोल काढायची आणि घरातल्या सगळ्यांना दाखवायची. शाळेत परिपाठाला मुलांकडून ठळक बातम्या वाचून घ्यायची. कुठल्याशा लांबच्या देशातलं सरकार पडल्याची बातमी आमच्या शाळेतल्या तिसरीची पोरंही सांगू शकत. शाळेमागच्या नळाला चार दिवस पाणी नाही, ही बातमी मात्र बाईंना शिपायाकडून कळायची.

एकदा हिचं पत्र छापून आलं, वाचकांच्या पत्रव्यवहारात. लिहिलं होतं दोन पानं, छापल्या सात ओळी, त्यातही मुद्दा गाळून. तरी हिने त्याला चौकट करून भिंतीवर लावलं. "छापलेल्या शब्दाची कुणीतरी जबाबदारी घेतलेली असते," असं ती मुलांना सांगायची. नुसतं राशिभविष्य वाचणाऱ्या शेजारणींची तिला कीव यायची. खरं सांगायचं तर अग्रलेख ती अर्धाच वाचायची. मान हलवून झाली की पान उलटायची आणि जिथे तिचं मन लागायचं तिथे जायची. ते पान म्हणजे गेलेल्यांचं पान.

ह्यांना तर तेवढंच पान लागायचं. हे कारखान्यात टूलरूमला होते, यंत्रांची हत्यारं नि साचे घडवायला. बरोबरीची माणसं एकेक करून निवृत्त झाली, कुणी पंचवटीत गेलं, कुणी इंदिरानगरला, आणि पुढे एकमेकांना भेटायला लागली ती त्या पानावरच. "आज कोण?" असं विचारत हे चहाला बसायचे. कुणी निघालंच ओळखीचं तर दहावा कधी, कुठे, ते कॅलेंडरवर लिहून ठेवायचे. दुधाच्या खाड्यांच्या शेजारी.

ह्यांचा जिवाभावाचा मित्र एकच. चांदवडकडचा माणूस, टूलरूममध्ये शेजारच्या मशीनवर. नोकरीभर दोघांनी डबा एकत्र खाल्ला. निवृत्तीनंतर दर रविवारी फोन. मी बाजूलाच असायची.

"काय?"

"काही नाही."

"बरं मग."

झाला फोन. एवढ्यावर ह्यांचा आठवडा जायचा.

तर गेल्या वर्षी थंडी संपता संपता ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. कुणी म्हणेल, त्यात काय, हल्ली दुपारपर्यंत घरी सोडतात. पण ह्यांचा एक डोळा कारखान्यातच गेलेला, लोखंडाचा कण उडून. हा दुसरा होता म्हणून जग होतं. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, उगाच रडारड नको. शेवटचं ते बहुधा गमतीने म्हणाले. मी गंभीरपणे लिहून घेतलं. जुनी सवय.

डोळ्यावर हिरवा चष्मा लावून हे खुर्चीत, आणि मी समोर पेपर घेऊन. सुरुवात त्यांच्या आवडत्या पानापासून. मला ते वाचन फार आवडायला लागलं, हे कबूल करते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्या माणसाने माझं म्हणणं असं सलग अर्धा तास कधी ऐकलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी, दूध तापत असताना ह्यांचा मोबाइल वाजला. तो माझ्या ताब्यात होता. त्या मित्राचा मुलगा बोलत होता. वडील पहाटे गेले. झोपेतच. "काकांना सांगाल ना?"

मी "हो" म्हणाले. आणि ओट्याशी उभी राहून हिशेब मांडला. सांगितलं तर हा माणूस जाणार. गेला की स्मशानात धूर, धूळ. आल्यावर डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही, मग डोळा राहो की जावो. "नुसते पाय धुवा" असं सांगून बघायची माझीही छाती नव्हती. दूध उतू गेलं तेव्हा माझं ठरलं होतं. महिनाभर सांगायचं नाही.

दुसऱ्या दिवशी ते पेपरात आलं. फोटोसकट. मी वाचायला बसले, वरचा गंगापूर रोडचा एक वाचला, खालची नाशिकरोडची एक बाई वाचली, आणि मधला गाळला.

"एवढेच?" हे म्हणाले.

"एवढेच."

"थंडी संपली ना. आता कमी जातात."

ते पान मी मेथी निवडायला घेतलं आणि काड्यांसकट घंटागाडीत टाकलं. गाडी गाणं म्हणत कोपऱ्यावरून वळली तेव्हा मला वाटलं, संपलं. छापलेल्या शब्दाची जबाबदारी घेणारी ती बाई त्या वेळी कुठे होती कोण जाणे. बहुतेक गाडीला हात करत होती.

रविवारी हे म्हणाले, "त्याचा फोन नाही आला."

"चांदवडला गेलेत म्हणे. कांदे काढायला."

"ह्या वयात?"

"बघायला हो. काढायला माणसं असतील."

त्यावर ह्यांचं समाधान झालं. इतक्या पटकन झालं की मला रागच आला. मग दोनच दिवसांनी त्या मित्राच्या पत्नीचा फोन. आवाज बसलेला. "बाई, भाऊजींना सांगितलं का?" आता इथे "नाही" म्हणायला काय हरकत होती? डोळ्याचं कारण सांगितलं असतं, त्यांनी समजून घेतलं असतं. पण सांगू नका म्हणायला गेलं की सतरा प्रश्न येतात. मी म्हणाले, "सांगितलं हो. फार रडले." वर हेही जोडलं, "डॉक्टरांनी बाहेर सोडलं नाही, नाहीतर आलेच असते."

अशा रीतीने मी दोन्ही घरांच्या बातम्यांची एकटी संपादक झाले.

आता अडचण अशी, की नंबरचा चष्मा मिळाला की हे स्वतः पेपर वाचणार. आणि पेपरवाले एकदा छापून थांबत नाहीत. दहाव्याची जाहिरात येते, महिन्याने आभार येतात, कारखान्यातले लोक मिळून श्रद्धांजली देतात. मी आमचा पेपर टाकणाऱ्या गृहस्थांना गाठलं आणि सांगितलं, उद्यापासून नको. त्यांनी विचारलं, काही चुकलं का? मी त्यांच्याशी झाडांबद्दल बोलले. कागदासाठी किती झाडं तोडतात वगैरे. बिचारे सायकलला पाय लावून ऐकत राहिले.

मग नातीला फोन केला. तिने वर्षापूर्वी मला टॅब दिला होता, त्यावर मी पापडाचा डबा ठेवत असे.

"मला त्याच्यात पेपर लावून दे."

"आजी, तू? तूच म्हणाली होतीस ना, काचेवरची बातमी फडक्याने पुसली की गेली?"

"म्हणाले असेन. माणसाने बदलायला नको का?"

पोरीला इतका आनंद झाला की तिने मैत्रिणींना सांगितलं. माझी योजना साधी होती. टॅब मला येणार, ह्यांना येणार नाही. जे मी उघडीन तेच ह्यांना ऐकू येईल. कागदाचा पेपर कुणाच्याही हाताला लागतो, हा फक्त माझ्या.

त्या यंत्रातल्या बातम्यांविषयी काय सांगू. मथळा असा, की 'नाशिकमध्ये घडलं असं काही, वाचून बसेल धक्का.' काय घडलं ते सांगायचं नाही. उघडावं तर आधी केसांच्या तेलाची जाहिरात. ती हटवायला फुली असते, ती मोहरीएवढी, आणि बोट लागलं की तेलाच्याच दुकानात जातो आपण. परत यावं तर तीच हकीकत तीन वेळा, शब्द फिरवून, आणि शेवटी कळतं की नाशिकमध्ये रस्त्यावर बैल आला होता. गावात बैल आला तर धक्का कुणाला बसतो? बैलाला. माझ्या त्या लाल पेनवालीला इथे बसवायला हवं होतं. तिच्या एका पेनने भागलं नसतं. आणि कागदाच्या पेपरचे गोडवे गाणाऱ्यांनाही मी ओळखते. "त्या शाईच्या वासाशिवाय चहा जात नाही" म्हणणारे. मीही म्हणायचे. अहो, कसला वास! पहिलं अख्खं पान कुठल्यातरी भाऊंच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांनी भरलेलं, आतून क्लासच्या जाहिरातींचे कागद गळतायत, आणि आम्ही वास घेतोय.

नातीने दुसरीही एक सोय करून दिली होती, की कागदी पेपर जसाच्या तसा पानं उलटत दिसतो. ह्यांना मी तो वाचून दाखवू लागले. दहाव्याची जाहिरात आली, गाळली. आभार आले, गाळले. रविवारी मित्राच्या फोनचा विषय निघाला की चांदवडचा कांदा अजून निघायचाच असे, आणि तिथे रेंज नसे. महिना झाला, चष्मा आला, डोळा उत्तम. आता सांगायला काहीच हरकत नव्हती. रोज ठरवायचे, आज सांगते. मग वाटायचं, चहा होऊ दे. चहा झाला की वाटायचं, जेवण होऊ दे. पाचशे पोरांना न घाबरता "खरे बोला" शिकवलेली बाई मी, एका म्हाताऱ्यासमोर माझी जीभ उचलत नव्हती.

आणि म्हाताऱ्याला मी ओळखण्यात चुकले. ज्याने जन्मभर केसाएवढी मापं घेतली, त्याला टॅब शिकायला दोन दिवस लागले. दोन बोटांनी अक्षर मोठं होतं म्हटल्यावर तर तो सोडेचना. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "अगं, हे बघ. इथे तारखा आहेत. जुने पेपर सगळे आहेत."

"जुने कशाला लागतात?"

"ऑपरेशनपासूनचे राहिलेत माझे."

"मी वाचले की सगळे!"

"तू वाचलेस. मी ऐकले."

मेथीच्या काड्यांबरोबर मी जे टाकून दिलं होतं, ते इथे धुऊनपुसून नीट ठेवलेलं होतं. कुणी मागितलं नव्हतं, तरी. कागद विसरतो, रद्दीत जातो, त्यात भजी बांधून मिळतात. ह्या काचेला विसरताच येत नाही.

हे शिस्तीचे. रोज सकाळी एक जुना पेपर, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. ऑपरेशनचा दिवस झाला. दुसरा झाला. तिसरा झाला. मी भाजी चिरताना चोरून बघायची, कुठे पोचलेत. चौथ्या दिवशी मी काय करावं? सांगून टाकावं? छे. मी चार्जर लपवला. तांदळाच्या डब्यात. टॅब दुपारी बंद पडला आणि मला दोन दिवस मिळाले. त्या दोन दिवसांत तरी तोंड उघडावं की नाही? नाही. मी पुरणपोळ्या केल्या.

"आज काय आहे?" हे म्हणाले.

"काही नाही. वाटलं."

त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या, संध्याकाळी मेन रोडला जाऊन नवा चार्जर आणला आणि सकाळी पाचव्या दिवसाचा पेपर उघडला.

मी ओट्याशी होते. पाठ करून. दोन बोटं काचेवर सरकली की एक बारीकसा आवाज येतो, नखाचा. तो आला. पुन्हा आला. मग येईना. मी वळले तेव्हा टॅब मांडीवर होता आणि काचभर त्या मित्राचा चेहरा, कान कापले गेलेले, इतका मोठा केलेला. ह्यांनी वर येणारी तारीख पाहिली, कॅलेंडरकडे पाहिलं. उठले, शर्ट घातला, चप्पल घातली.

"अहो, मी येते बरोबर."

"नको."

ते परत आले दुपारी. मी जेवले नव्हते. ते खुर्चीत बसले, चष्मा काढून पुसला.

"मी फार रडलो म्हणे."

मी ओट्यावरचं फडकं उचललं.

"दारात पाऊल टाकलं तर वहिनी म्हणतात, भाऊजी, तुम्ही लय रडलात म्हणे. मी म्हणालो, हो. काय म्हणणार? माझी बायको खोटं बोलते म्हणू? दीड महिन्याने आलेला मी, वर रडलेला. बसलो पाच मिनिटं. चहा घेतला त्यांच्या घरी. त्याच्या फोटोखाली बसून खोटं बोललो मी."

"तुमचा डोळा..."

"डोळा माझा होता ना? मग विचारायचंस मला." ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी ओरडून उत्तर दिलं असतं, त्याची मला सवय आहे. "डोळ्याचं महिन्यात झालं. पुढे काय होतं?"

पुढे काही नव्हतं. पुढे फक्त मी भित्री होते. तेही मी धड कबूल केलं नाही. "ताट करू का?" असं विचारलं.

"तुझी थाप मी आज वाढवली," ते म्हणाले. "मोडायची तुलाच. उद्या जायचं."

त्या दिवशी टॅब कुणी उघडला नाही. सकाळी हे माझ्या आधी तयार होते. टॅब कापडी पिशवीत घातला. मी म्हणाले, तो कशाला? त्यांनी पिशवीचे बंद बांधले. रिक्षात आम्ही दोघं दोन टोकांना, मधे पिशवी. त्र्यंबक रोडवर एवढी रहदारी होती आणि मला वाटत होतं, अजून असावी. सातपूर यायलाच नको.

त्यांचं घर कॉलनीतलं, दोन खोल्यांचं, वर मुलाने मजला चढवलेला. वहिनी पलंगावर बसून लसूण सोलत होत्या. मला त्या 'बाई' म्हणतात, त्यांची दोन्ही पोरं माझ्या हाताखाली शिकलेली. मी बसले नाही. उभ्यानेच सांगायला घेतलं, शाळेत उशिरा आलेल्या पोरीसारखं. ह्यांना मी सांगितलंच नव्हतं, डोळ्याच्या भीतीने, आणि नंतर... नंतरचं वाक्य मला पुरं करता येईना.

वहिनींनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली.

"मला माहीत हाय, बाई."

"काय?"

"फोनवर तुम्ही म्हणल्या, लय रडले. मी ठेवला फोन आणि पोराला म्हणलं, बाई थापा मारतात. ह्यांचा डोळा गेला कारखान्यात, तव्हा आमचे हे दवाखान्यात ढसाढसा रडत व्हते, आणि भाऊजी त्यांना म्हणत व्हते, गप बस, लोक बघतात. हा माणूस रडंल? आमच्या मालकाला लय राग यायचा त्याचा. म्हणायचे, मी मेलो तरी हा रडायचा नाय."

हे खाली बघत होते.

"मग काल ह्यांना तसं का बोलला नाहीत?" मी म्हणाले.

"काय बोलायचं? भाऊजी हो म्हणले. तुमच्या घरातलं तुम्ही बघा. मला वाटलं, येतील बाई एक दिवस." मग त्या पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "पोरांना लय मारायच्या तुम्ही, खोटं बोललं की. बसा आता."

मी बसले. एवढी लाज मला निवृत्तीच्या दिवशी भाषण विसरले तेव्हाही वाटली नव्हती.

ह्यांनी पिशवीतून टॅब काढला, दोनचारदा बोट फिरवलं आणि वहिनींपुढे धरला. "तुम्ही पाहिलं होतं का हे?"

"नाय हो. पोरानं मोबाइलवरनंच जाहिरात दिली व्हती. त्या दिवसांत पेपर कोण बघतं?" त्यांनी लसणाचे हात पदराला पुसले, पण काचेला लावले नाहीत. बराच वेळ फोटोकडे बघितलं. "शर्ट तोच हाय. लग्नातला. धाकट्याच्या. खाली काय लिवलंय? बारीक हाय."

ह्यांनी टॅब माझ्या हातात दिला. "वाच."

मी वाचायला लागले. मूळ गाव चांदवड तालुक्यातलं, हल्ली मुक्काम सातपूर. निवृत्त कामगार. वृद्धापकाळाने. मागे पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडं. अंत्ययात्रा किती वाजता, कुठून, हेही वाचलं, ती होऊन दीड महिना झाला होता तरी. शेवटी शोकाकुल म्हणून सगळा परिवार आणि मित्रपरिवार.

"मित्रपरिवार," वहिनी म्हणाल्या. "ते मी सांगितलं टाकायला. पोरगा म्हणला, आई, मित्र कुठं एवढे? मी म्हणलं, एक हाय ना."

ह्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. बाहेर कारखान्याचा भोंगा झाला, पाळी सुटल्याचा. दोघांनीही एकदमच घड्याळाकडे पाहिलं, वहिनींनी आणि ह्यांनी.

"परत वाचा बाई, पहिल्यापासनं," वहिनी म्हणाल्या. "मगाशी लय घाईत वाचलं तुम्ही."

मी फोटो वर सरकवला आणि पुन्हा सुरुवात केली.

"सावकाश," हे म्हणाले.